शब्दाचा अर्थ आणि मेंदूतील जोडण्या : वाचाघाताच्या अभ्यासातून झालेला उलगडा

प्रस्तावना

अर्धांगवायूच्या झटक्यातून बचावलेल्या एखाद्या रुग्णासमोर कात्रीचे चित्र धरून 'हे काय आहे?' असे विचारले, तर तो कधी कधी 'सुरी' असे उत्तर देतो. त्याच रुग्णाच्या हातात खरी कात्री दिली तर तो कागद नीट कापून दाखवतो. 'यातली कात्री द्या' असे म्हटले, तर समोरच्या चार वस्तूंमधून तो सकाळी बरोबर वस्तू उचलतो आणि संध्याकाळी चुकतो. घरच्या माणसांना या प्रकाराचा अर्थ लागत नाही. 'यांना आता काही कळत नाही' असा निष्कर्ष लवकरच काढला जातो. मग त्या व्यक्तीशी बोलणे कमी होते. घरातील देणेघेणे, जमीनजुमला, मुलांची लग्ने अशा बाबतींत तिचे मत विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

हा निष्कर्ष कितपत बरोबर आहे? 'कात्री' या शब्दाचा अर्थच या रुग्णाच्या मेंदूतून पुसला गेला आहे, की अर्थ शाबूत असून तेथवर पोहोचण्याची वाट खराब झाली आहे? या दोन अवस्था वरून सारख्या दिसतात. परंतु उपचार, कुटुंबाची वागणूक आणि रुग्णाचा सामाजिक दर्जा या तिन्ही दृष्टींनी त्यांत मोठा फरक आहे. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नावर झालेले संशोधन आणि त्यातून शब्दार्थाविषयी हाती आलेली माहिती यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाचाघात म्हणजे काय?

मेंदूला इजा झाल्यामुळे, आधी अवगत असलेली भाषा बोलण्याची, समजण्याची, वाचण्याची किंवा लिहिण्याची क्षमता कमी होणे किंवा नाहीशी होणे याला वाचाघात म्हणतात. इंग्रजीतील 'अफेजिया' हा शब्दही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळतो. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडणे किंवा फुटणे, म्हणजेच स्ट्रोक, हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दिवसांत साधारणपणे तीनपैकी एका रुग्णात वाचाघात आढळतो. डोक्याला मार लागणे, मेंदूतील गाठ आणि मेंदूची झीज करणारे काही आजार ही इतर कारणे आहेत. बहुतेक माणसांची भाषा मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागावर अवलंबून असते. हाच भाग शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करतो. त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडण्याबरोबर वाचा जाणे हे चित्र अनेकांनी पाहिलेले असते.

वाचाघाताला वेड किंवा बहिरेपणा समजणे चूक आहे. जिभेचे आणि ओठांचे स्नायू कमकुवत झाल्यामुळे बोलणे बोबडे होते, तो प्रकारही वेगळा आहे. वाचाघातात भाषेचीच यंत्रणा बिघडते, आणि ती कोठे बिघडली याचा अंदाज रुग्णाच्या चुकांवरून बांधता येतो. एखादा रुग्ण 'खिडकी'ऐवजी 'खिकडी' म्हणतो. त्याला वस्तू कळली आहे, शब्दही सापडला आहे, फक्त ध्वनींची जुळणी बिघडली आहे. दुसरा रुग्ण 'कात्री'ऐवजी 'सुरी' म्हणतो. त्याचे उच्चार स्वच्छ आहेत, पण अर्थाने जवळचा दुसराच शब्द बाहेर आला आहे. तिसरा 'ते... ज्यानं कापतात ते' असे म्हणून थांबतो. चौथा, सांगितलेला शब्द जसाच्या तसा म्हणून दाखवतो, परंतु त्याचा अर्थ त्याला लागत नाही. अनेक रुग्णांना साधे वाक्य जुळवता येत नाही, मात्र एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार किंवा लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना ते सुरू करून दिल्यावर म्हणू शकतात.

या चुका एकमेकींपासून वेगळ्या आढळतात ही गोष्ट महत्त्वाची आहे. ध्वनी आणि अर्थ यांच्यासाठी मेंदूत एकच यंत्रणा असती, तर दोन्ही नेहमी बरोबरच बिघडले असते.

केंद्रांचा शोध आणि जोडण्यांचा विचार

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात १८६१ साली झाली असे मानले जाते. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे आला. सुमारे एकवीस वर्षांपासून त्याला 'तान' या एका अक्षराखेरीज फारसे काही बोलता येत नव्हते. त्याला बरेचसे समजत मात्र होते. काही दिवसांतच, १७ एप्रिल १८६१ रोजी, तो मरण पावला. ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागील ललाटखंडाच्या खालच्या भागात इजा आढळली. पुढे हा भाग 'ब्रोकाचे क्षेत्र' म्हणून प्रसिद्ध झाला.

१८७४ साली कार्ल वर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टराने याच्या उलट चित्र असलेल्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण अस्खलित बोलत, परंतु त्यांचे बोलणे निरर्थक असे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना समजत नसे. इजा कानामागच्या बाजूला, शंखखंडाच्या वरच्या भागात होती. वर्निके यांनी त्यापुढे जाऊन असे मांडले की, ही दोन्ही केंद्रे शाबूत राहून त्यांना जोडणारे तंतू तुटले, तरीही एक वेगळ्या प्रकारचा वाचाघात व्हायला हवा. म्हणजे, केंद्रांइतकेच त्यांच्यामधील दळणवळणाला महत्त्व आहे.

लुडविग लिख्टहाइम यांनी १८८५ साली या आराखड्यात 'संकल्पनां'ची भर घातली. ऐकलेल्या शब्दाचे ध्वनिरूप आणि संकल्पना यांमधील संबंध तुटला, तर रुग्ण शब्द म्हणून दाखवील पण त्याचा अर्थ त्याला लागणार नाही, असे त्यांनी दाखवले. वर उल्लेखिलेला चौथा रुग्ण तो हाच. विशेष म्हणजे, संकल्पनांचे कोठार मेंदूत एकाच ठिकाणी आहे असे लिख्टहाइम यांनी मानले नाही. संकल्पना अनेक भागांच्या एकत्रित कामातून तयार होतात, असे त्यांचे मत होते.

जोडणी तुटण्याचे सर्वांत बोलके उदाहरण १८९२ साली फ्रेंच वैद्य ज्यूल देजरीन यांनी नोंदवले. त्यांच्या रुग्णाला लिहिता येत होते, परंतु स्वतः लिहिलेले वाचता येत नव्हते. त्याची भाषा शाबूत होती. पाहिलेली अक्षरे भाषेच्या भागापर्यंत पोहोचवणारी वाट तेवढी बंद झाली होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा विचार मागे पडला. अमेरिकेतील नॉर्मन गेश्विंड यांनी १९६५ साली 'ब्रेन' या नियतकालिकातील दीर्घ निबंधात त्याला पुन्हा चालना दिली. पुढे ब्रोका यांच्याच रुग्णांनी या विचाराला नवा आधार दिला. ब्रोका यांनी लबोर्न आणि लेलाँग या दोन रुग्णांचे मेंदू न कापता जतन करून ठेवले होते. निना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे एमआरआय चित्रण करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इजा केवळ पृष्ठभागावर नव्हती, ती खोलवरच्या जोडतंतूंपर्यंत गेलेली होती. ज्या रुग्णांवरून 'वाचेच्या केंद्रा'ची कल्पना रूढ झाली, त्यांच्याही मेंदूत जोडण्या तुटलेल्या होत्या.

श्वेतद्रव्य आणि ते पाहण्याची पद्धत

मेंदूचा बाहेरचा करडा थर चेतापेशींनी बनलेला असतो. त्याखालील पांढरा भाग म्हणजे या पेशींपासून निघणाऱ्या लांब तंतूंचे जुडगे. तंतूंवर चरबीयुक्त आवरण असल्यामुळे हा भाग पांढरा दिसतो, म्हणून त्याला श्वेतद्रव्य म्हणतात. या आवरणामुळे संदेश वेगाने जातात. तरुण माणसाच्या मेंदूतील असे आवरणयुक्त तंतू एकापुढे एक ठेवले तर त्यांची लांबी सुमारे दीड लाख किलोमीटर भरेल, असा अंदाज आहे.

पूर्वी हे जुडगे मृत्यूनंतर मेंदूची चिरफाड करूनच पाहता येत. १९९४ साली पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ल बियाँ यांनी मांडलेल्या पद्धतीमुळे जिवंत माणसाच्या मेंदूतील जुडग्यांचा माग काढणे शक्य झाले. तिचे तत्त्व सोपे आहे. पाण्याचे रेणू सतत हालत असतात. तंतूच्या लांबीच्या दिशेने ते सहज सरकतात, आडव्या दिशेने त्यांना अडथळा होतो. एमआरआय यंत्राने प्रत्येक ठिकाणी पाणी कोणत्या दिशेने अधिक सरकते हे मोजले की, तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत याचा नकाशा काढता येतो. इजा झालेल्या जुडग्यात ही दिशा अस्पष्ट होते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. जेथे दोन जुडगे एकमेकांना छेदतात तेथे नकाशा फसू शकतो. शिवाय वाट दिसली तरी तिच्यावरून कोणता संदेश जातो, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी रुग्णाच्या चुका आणि नकाशा यांची सांगड घालावी लागते.

ध्वनीची वाट आणि अर्थाची वाट

ग्रेगरी हिकॉक आणि डेव्हिड पोपेल यांनी २००४ आणि २००७ सालच्या लेखांत भाषेसाठी दोन मार्ग सुचवले. वरचा मार्ग ऐकलेल्या ध्वनींचा उच्चाराशी मेळ घालतो, तर खालचा मार्ग ध्वनींचा अर्थाशी मेळ घालतो. जर्मनीतील दोरोथे झाउर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात याला पुष्टी मिळाली. निरर्थक शब्द ऐकून परत म्हणताना वरचा मार्ग, आणि अर्थपूर्ण वाक्ये ऐकून समजून घेताना खालचा मार्ग वापरला जात असल्याचे त्यांना दिसले.

वरच्या मार्गातील मुख्य जुडगा कमानीसारखा वळलेला असल्यामुळे त्याला 'आर्क्युएट', म्हणजे कमानदार, असे नाव आहे. खालच्या मार्गात तीन जुडगे येतात. पहिला, डोक्याच्या मागील भागापासून थेट ललाटखंडापर्यंत जाणारा लांब ललाट-पश्चकपाल जुडगा. दुसरा, मागील दृष्टिक्षेत्रांपासून शंखखंडाच्या पुढच्या टोकाकडे जाणारा खालचा लांब जुडगा. तिसरा, शंखखंडाचे टोक आणि ललाटखंडाचा तळ यांना जोडणारा, आकड्यासारखा वळलेला 'अन्सिनेट' जुडगा. याखेरीज, मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसकडून ललाटखंडाकडे जाणारे तंतूही शब्दार्थाच्या कामात भाग घेतात, असे पुढील संशोधनात आढळले.

अर्थाचे दोन आधार

शब्दाचा अर्थ मेंदूत नेमका कसा ठेवलेला असतो? 'लिंबू' या शब्दाचे उदाहरण घेऊ. लिंबाचा पिवळा रंग, गोल आकार, आंबट चव, वास, कापण्याची आणि पिळण्याची क्रिया या सर्वांची माहिती मेंदूच्या वेगवेगळ्या भागांशी निगडित आहे. कॅरालिन पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेल्या विचारानुसार हे विखुरलेले भाग चाकाच्या आऱ्यांसारखे आहेत, आणि शंखखंडाचे पुढचे टोक हा त्यांना एकत्र बांधणारा तुंबा आहे.

या मताचा आधार एका वेगळ्या आजारात सापडतो. लंडनमधील एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांचे इतर स्मरण बऱ्यापैकी असूनही वस्तूंचे आणि शब्दांचे ज्ञान ओसरत होते. १९८९ साली ज्यूली स्नोडन आणि सहकाऱ्यांनी याला 'अर्थविषयक स्मृतिभ्रंश' अशा आशयाचे नाव दिले. यात शंखखंडांची पुढची टोके झिजत जातात. असा रुग्ण गरुडाला आधी नुसते 'पक्षी' म्हणतो आणि पुढे 'प्राणी' म्हणतो. आज जी वस्तू ओळखता आली नाही, ती उद्याही ओळखता येत नाही. नावाचे पहिले अक्षर सांगूनही फारसा उपयोग होत नाही. येथे अर्थाचा साठाच कमी होत असतो.

स्ट्रोकनंतरच्या वाचाघातात काय घडते? एलिझाबेथ जेफरीज आणि मॅथ्यू लॅम्बन राल्फ यांनी २००६ साली या दोन्ही प्रकारच्या रुग्णांची सारख्याच चाचण्यांवर तुलना केली. दोन्ही गटांना शब्द आणि चित्रे या दोहोंच्या अर्थात अडचण येत होती आणि एकूण गुणही मिळतेजुळते होते. परंतु चुकांचे स्वरूप वेगळे होते. स्ट्रोकचे रुग्ण एकाच वस्तूबाबत एका चाचणीत बरोबर, तर दुसऱ्या चाचणीत चूक ठरत. पेल्याचे चित्र पाहून 'बर्फ' म्हणावे अशा त्यांच्या चुका असत. बर्फ आणि पेला यांचा संबंध माहीत असल्याशिवाय अशी चूक होऊच शकत नाही. नावाचे पहिले अक्षर सुचवले की त्यांना शब्द आठवत असे. यावरून, ज्ञान शिल्लक आहे, पण त्यातून प्रसंगाला हवे ते निवडून काढण्याचे नियंत्रण बिघडले आहे, असा अर्थ संशोधकांनी काढला.

हे नियंत्रण म्हणजे काय, ते मराठीतील 'पान' या शब्दावरून समजेल. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान आणि जेवणासाठी मांडलेले पान, असे या शब्दाचे अर्थ आहेत. 'पाने वाढली आहेत, चला' असे म्हटल्यावर ऐकणारा जेवायला उठतो. झाडाकडे पाहत नाही. मेंदू प्रसंगानुसार एक अर्थ पुढे आणतो आणि इतरांना मागे सारतो. हे काम डाव्या ललाटखंडाचा खालचा भाग आणि शंखखंडाचा मागील भाग एकत्र करतात, असे मानले जाते. हे दोन भाग एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे त्यांच्यामधील जोडणीवर बरेच अवलंबून आहे.

रुग्णांच्या अभ्यासातून मिळालेला पुरावा

जोडण्यांच्या कामाचा प्रत्यक्ष पुरावा शस्त्रक्रियागृहातून मिळाला. मेंदूतील गाठ काढताना भाषेला धक्का लागू नये म्हणून काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागे ठेवून करतात. रुग्ण चित्रांची नावे सांगत असतो आणि शल्यचिकित्सक सौम्य विद्युतप्रवाहाने एकेक जागा क्षणभर निष्क्रिय करून पाहतो. फ्रान्समधील ह्यूग द्युफो आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नोंदवले की, ललाट-पश्चकपाल जुडग्याला प्रवाह दिला असता रुग्ण अर्थाने जवळचा पण चुकीचा शब्द बोलतो. कमानदार जुडग्याला प्रवाह दिला असता मात्र ध्वनींच्या चुका होतात. प्रवाह थांबताच रुग्ण पुन्हा बरोबर नाव सांगतो. 'खिकडी' आणि 'सुरी' या दोन चुकांच्या दोन वाटा येथे वेगळ्या दिसून येतात.

बीजिंगमधील संशोधकांनी २०१३ साली मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या मोठ्या गटात प्रत्येक प्रमुख जुडग्याची अवस्था आणि अर्थविषयक चाचण्यांतील गुण यांची तुलना केली. डावा ललाट-पश्चकपाल जुडगा, डावा अन्सिनेट जुडगा आणि थॅलॅमसकडून ललाटखंडाकडे जाणारे डावे तंतू यांच्या इजेशी अर्थविषयक अडचणींचा संबंध आढळला. फिलाडेल्फिया येथील डॅनियल मिर्मन आणि सहकाऱ्यांनी वाचाघाताच्या ९९ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. नाव सांगतानाच्या अर्थविषयक चुकांचा संबंध शंखखंडाच्या पुढच्या भागाशी होता. शब्दाचा आणि चित्राचा अर्थ ओळखण्यातील अडचणींचा संबंध मात्र श्वेतद्रव्यातील अशा एका जागेशी होता, जेथे वरील तीनही जुडगे जवळ जवळ येतात. अरुंद खिंडीतून अनेक रस्ते जात असले की एका दरडीने ते सगळे बंद होतात, तसाच हा प्रकार आहे. स्ट्रोकची लहानशी इजा कधी कधी मोठे नुकसान का करते, हे यावरून समजते.

सर्व जुडग्यांविषयी एकवाक्यता झालेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. द्युफो यांच्या गटाने २००७ साली, खालच्या लांब जुडग्याला प्रवाह दिला असता भाषेत बिघाड होत नाही असे नोंदवले. इटलीतील कोस्तांझा पापान्यो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की, शस्त्रक्रियेत अन्सिनेट जुडगा काढलेल्या रुग्णांना विशेषतः प्रसिद्ध व्यक्तींची नावे आठवण्यास अडचण येते. यावरून असे दिसते की, काही वाटांना पर्यायी वाटा आहेत आणि काही वाटांचे काम मर्यादित आहे. 'अमुक जुडगा म्हणजे अर्थ' असे एकास एक समीकरण मांडणे योग्य होणार नाही.

सुधारणा आणि उपचार

वाट तुटली असेल तर ती पुन्हा तयार होऊ शकते का? पूर्ण मेलेला भाग परत येत नाही. परंतु उरलेल्या जोडण्यांत बदल होऊ शकतो. स्टेफनी फोर्केल आणि सहकाऱ्यांना २०१४ साली असे आढळले की, उजव्या बाजूचा कमानदार जुडगा ज्यांचा मुळात मोठा होता, अशा रुग्णांची भाषा सहा महिन्यांनंतर अधिक सुधारलेली होती. अमेरिकेतील एमिली मॅकिनन, लिओनार्डो बोनिल्हा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली जुन्या वाचाघाताच्या काही रुग्णांवर उपचारांपूर्वी आणि उपचारांनंतर चित्रण केले. ज्यांच्या अर्थविषयक चुका कमी झाल्या, त्यांच्या डाव्या खालच्या लांब जुडग्यात सुधारणेशी संबंधित बदल दिसला. रुग्णांची संख्या लहान असल्यामुळे हा निष्कर्ष सावधपणे घ्यायला हवा.

उपचारांच्या परिणामाबाबत अधिक भक्कम पुरावा जर्मनीत मिळाला. कॅटरिना ब्राइटनश्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, वाचाघात होऊन किमान सहा महिने झालेले दीडशेहून अधिक रुग्ण होते. किमान तीन आठवडे, दर आठवड्याला दहा किंवा अधिक तास वाचोपचार मिळालेल्यांचे दैनंदिन संभाषण सुधारले. तेवढाच काळ वाट पाहणाऱ्या गटात तशी सुधारणा झाली नाही. 'सहा महिने झाले, आता जे आहे ते आहे' ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत या चाचणीने खोटी ठरवली.

अर्थाची वाट दृढ करण्यासाठी एक सोपी पद्धत वापरली जाते. चित्रातील वस्तू कोणत्या प्रकारची आहे, तिचा उपयोग काय, ती कोठे सापडते, कशी दिसते, कशाची आठवण करून देते, असे प्रश्न रुग्णाला क्रमाने विचारतात. कात्री हा शब्द अडला तर 'कापणे', 'शिंपी', 'लोखंड', 'दोन पाती' अशा बाजूच्या वाटांनी रुग्ण मूळ शब्दापर्यंत पोहोचतो.

या संशोधनात घरच्यांसाठीही एक धडा आहे. योग्य पहिले अक्षर सुचवले तर स्ट्रोकच्या रुग्णाला मदत होते, आणि चुकीचे अक्षर सुचवले तर तो आणखी भरकटतो. वाघाच्या चित्रावर 'सिं' असे सुचवले तर 'सिंह' बाहेर येतो. चार माणसांनी एकाच वेळी अंदाजाने निरनिराळे शब्द पुढे केले, तर रुग्णाचा गोंधळ वाढण्याचीच शक्यता जास्त. एका वेळी एकाने बोलणे, छोटी वाक्ये वापरणे, वस्तू किंवा चित्र समोर धरणे, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा प्रश्न विचारणे आणि उत्तरासाठी थांबणे हे अधिक उपयोगी ठरते.

बहुभाषिक रुग्ण आणि चाचण्यांचा प्रश्न

मराठी भाषक समाजाच्या दृष्टीने, विशेषतः हैदराबाद, बेळगाव, इंदूर, बडोदा यांसारख्या ठिकाणी, आणखी एक बाब महत्त्वाची आहे. येथील माणूस घरात एक, बाजारात दुसरी आणि शाळा-कचेरीत तिसरी भाषा वापरतो. हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास करून तो २०१६ साली प्रसिद्ध केला. स्ट्रोकनंतर बौद्धिक क्षमता सर्वसाधारण राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. म्हणजे, अनेक भाषा येणे हे वाचाघातापासूनचे कवच नाही. एका भाषेतून दुसरीत जाताना मेंदूला सतत करावे लागणारे नियंत्रण बाकीच्या बौद्धिक कामांना आधार देत असावे, असा अंदाज संशोधकांनी व्यक्त केला आहे.

अशा रुग्णाची तपासणी एकाच भाषेत झाली तर निदान चुकू शकते. घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या आणि व्यवहारात मराठी वापरणाऱ्या व्यक्तीला दोन्ही भाषांत तपासले पाहिजे, कारण दोन्ही भाषा सारख्याच प्रमाणात परत येतील असे नाही. चित्रांच्या चाचण्यांतही अशीच अडचण आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुपरिचित इंग्रजी चाचणीत पिरॅमिडच्या चित्राशी दोन झाडांपैकी कोणते जुळते ते दाखवायचे असते. बोलण्याची गरज नसल्यामुळे ही कल्पना उत्तम आहे, परंतु ज्याने पिरॅमिडचे चित्र कधी पाहिलेले नाही, त्याची चूक ही आजाराची चूक ठरत नाही. बैलाच्या चित्राबरोबर जू आणि खोगीर यांपैकी काय जुळते, असा प्रश्न ग्रामीण रुग्णासाठी अधिक न्याय्य ठरेल. अशी चित्रे परिसरातून गोळा करून त्यांची शास्त्रीय पडताळणी करणे, हे शिक्षणसंस्था आणि वैद्यकीय संस्था यांनी मिळून करण्यासारखे काम आहे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था येथे या क्षेत्रातील तज्ज्ञ घडवले जातात.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शब्दाचा अर्थ मेंदूतील एखाद्या कप्प्यात बंद करून ठेवलेला नसतो. अनेक भागांतील ज्ञान, त्याला एकत्र बांधणारा तुंबा आणि प्रसंगानुसार निवड करणारे नियंत्रण यांच्या मेळातून तो दर वेळी उभा राहतो, आणि हा मेळ श्वेतद्रव्यातील जुडग्यांवर अवलंबून असतो. स्ट्रोकनंतर वाचाघात झालेल्या अनेक रुग्णांत ज्ञान बऱ्याच अंशी शिल्लक असते. ते मिळवण्याची वाट अडखळते.

भारताच्या कायद्यानेही या अवस्थेची दखल घेतली आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्वाची व्याख्या करताना वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार यांची नोंद त्यात वेगळी केलेली आहे. जो भेद कायद्याने केला, तो घराघरांत होणे बाकी आहे. कात्रीला 'सुरी' म्हणणाऱ्या माणसाचा शब्द चुकला आहे. पण कापण्याची वस्तू कोणती आणि तिचा उपयोग काय, हे त्याला उमगले आहे. घरातील एखाद्या निर्णयाबाबत त्याला चित्र दाखवून, 'हो-नाही'चा प्रश्न विचारून आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देऊन त्याचे मत घेता येते. ते घेतले जावे, एवढा आधार आजच्या संशोधनाने निश्चितच दिला आहे.